पाठीवरचा वारा

गेराड्सबेर्गेन, २ मार्च १९९३

प्रिय अलिडाताई,

काल आल्स्टच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. भला माणूस आहे. माझ्या उजव्या खुब्याचा फोटो त्याने उजेडाच्या काचेवर लावला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मास्तर, हा खुबा घेऊन तुम्ही फरसबंदीवर सायकल चालवता?"

मी म्हटलं, "फक्त वसंतात."

नोएला शेजारीच बसली होती. "खोटं," ती म्हणाली. "हिवाळ्यात पण. मला सांगतात पाव आणायला जातो, आणि येतात चिखलाने माखून, बिनपावाचे."

नवरा-बायकोत डॉक्टर पडला नाही. वीस एप्रिलला सांधा बदलायचं ठरलं. पुढे सपाट रस्त्यावर हळूहळू सायकल चालेल, पण दगडगोट्यांच्या रस्त्यावर नाही. कधीच नाही. म्हणजे भिंतीवर नाही, ताई.

तू तिकडे समुद्राकाठी लग्न करून गेलीस त्याला चाळीस वर्षं झाली, तरी भिंत विसरली नसशील. बाजारातून वर निघणारा तो दगडी चढ. घरं संपली की झाडी, झाडी संपता संपता उजवीकडचं वळण, आणि वळणानंतर एकदम आभाळ आणि माथ्यावरचं चॅपेल. त्या वळणावर दरवर्षी माझा पाय खाली येतो. मी ठरवत नाही, पायच ठरवतो. वर्गात कविता म्हणायला उभा राहिलेला मुलगा तीन कडवी घडाघडा म्हणतो आणि चौथ्याच्या तोंडाशी खिडकीबाहेर बघत राहतो, तसं माझं तिथे होतं. इतकी मुलं मी त्या जागी पाहिली, आणि म्हातारपणी स्वतःच त्यांच्यातला झालो.

आपल्या खेळाचे नियम तुला सांगायची गरज नव्हती. पण गेल्या वर्षी तू समुद्राच्या बांधावर पाठीमागून वारा घेऊन चढलीस आणि त्याला चढ म्हणालीस, म्हणून पुन्हा लिहितो. मोठ्या शर्यती बड्या लोकांच्या, त्यांची नक्कल आपली. शर्यत तीच, रविवार एकच, तू तुझ्या गावात, मी माझ्या. आपल्या फ्लँडर्सची शर्यत मात्र एक आठवडा आधी, कारण खऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहून ओरडायचं असतं. फेरी झाली की दुसऱ्या दिवशी नोंद टपालात. आणि चढावर पाय टेकला, तर तो चढ नोंदीत नाही.

निवृत्त झाल्यापासून माझ्या नोंदीत सगळं आहे. मिलान–सान रेमो आहे, रूबेच्या शर्यतीतले गोटे आहेत, शरदातली ती पानगळीची इटालियन शर्यतही आहे, तिच्यावर तर मी तुला सात पानं लिहिली होती. एक भिंत तेवढी नाही. तिच्यासाठी आता अठ्ठावीस मार्चचा रविवार उरलाय. एवढा एकच.

मरिनुसदाजींना नमस्कार.

तुझा,
फिर्मिन


वेस्टकपेल, ८ मार्च

फिर्मिन,

खुब्याचं वाचून वाईट वाटलं. वाटून झालं, आता कामाचं बोलू.

ती सात पानं माझ्याकडे अजून आहेत. सहा पानांत पानगळ, सातव्यात सायकल. तीही पंक्चर.

तुझा पाय का टेकतो ते मला वेस्टकपेलमध्ये बसून दिसतं, तुला तिथे राहून दिसत नाही. वळण आलं की तू मान वर करून चॅपेल बघतोस. दरवर्षीच्या पत्रात चॅपेलवर पडलेल्या उजेडाचं वर्णन असतं. इतका सविस्तर उजेड, बाबा, पाय टेकून उभ्या असलेल्या माणसालाच दिसतो. चढणाऱ्याला पुढच्या चाकाखालचा दगड दिसतो, बाकी काही नाही. तेव्हा मान खाली. टायरात हवा थोडी कमी ठेव, गोट्यांवर चाक उड्या मारणार नाही. सीटवर मागे सरकून बस, नाहीतर मागचं चाक जागच्या जागी फिरेल. रस्त्याच्या कडेने जाऊ नकोस, तिथे पानं कुजलेली असतात. मधल्या उंचवट्यावरून जा. आणि कविता म्हणायची नाही. नोएला सांगते, तू चढावर कविता म्हणतोस. श्वास काय उसना आणलाय?

आणखी एक. तुमच्याकडच्या माणसांना दमलेला सायकलवाला दिसला की हात शिवशिवतात. टीव्हीवर बघते ना मी, एकाने सोडला की दुसरा ढकलतो. तुला कुणाचा हात लागला तर मी ती नोंद धरणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. मग रडत लिहू नकोस. वाटेवरच्या घरोघरी जा आणि सांग, रविवारी मला कुणी हात लावायचा नाही.

माझ्याकडे डोंगर नाही म्हणून तू हसतोस. एकदा ये आणि बांधावर समोरून वारा घे. तुमची भिंत निदान एका जागी उभी असते. आमची अंगावर येते.

अलिडा


गेराड्सबेर्गेन, १६ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या पत्राचं अक्षरन् अक्षर पाळतोय. हवा कमी केली. सीट मागे घेतली. कवितेचं म्हणशील तर तोंडाने म्हणत नाही, मनात म्हणतो. तेवढी मुभा दे. गोट्यांना एक लय असते गं. इथल्या पोरांना मी छंद शिकवले ते पुस्तकातून. खरं तर एकेकाला सायकलवर बसवून या रस्त्यावर सोडायला हवं होतं.

आणि घरोघर जाऊन आलो. चांगले कपडे घालून गेलो, म्हणजे लोकांना गांभीर्य कळावं. बेकरीवाला आखील माझाच विद्यार्थी. म्हणाला, "छे हो मास्तर, आम्ही कशाला ढकलू?" त्याच्या बायकोने ऐकलं आणि हळूच पदर तोंडाला लावावा तसा ॲप्रन तोंडाला लावला. का ते कळलं नाही. त्याच्या शेजारचे, पलीकडचे, सगळे अगदी प्रेमाने हो म्हणाले.

सर्वांत धाकधूक होती ती झुल्माबाईंची. वळणाखालचं शेवटचं घर त्यांचं. त्यांचा नवरा जन्मभर त्या वळणावर उभा राहून दमलेल्यांना ढकलत आला. बडे शर्यतवाले, हौशी, टपालवाला, एकदा तर पाद्रीबुवा. तो गेला आणि त्याची जागा बाईंनी घेतली. हात बघशील तर फावडं.

मी म्हटलं, "झुल्माबाई, अठ्ठावीस तारखेला मी भिंत चढणार आहे. मला ढकलायचं नाही."

"बरं मास्तर."

"अगदी थांबायला आलो तरी नाही."

"नाही म्हणजे नाही. टार्ट घ्या."

छेन्याच्या टार्टा नुकत्या भट्टीतून निघाल्या होत्या. मी म्हटलं नको, आत्ताच जेवलोय. त्यांनी एक दिली. ती संपवली, तर दुसरी पुढे. म्हटलं, नको नको, खरंच नको. मग तिसरीही खाल्ली. तुला माहीतच आहे आपल्या गावची रीत, नुसत्या नको म्हणण्यावर कोण थांबतं! तर सांगायचं हे, की तो बंदोबस्त पक्का झाला. आता मी, चढ आणि माझा खुबा. मध्ये कुणी येणार नाही.

दाजींच्या गुडघ्याला तेल चोळतेस ना?

फिर्मिन


वेस्टकपेल, २२ मार्च

फिर्मिन,

नोंद: मिलान–सान रेमो, आमच्या झीलंड प्रांताच्या पद्धतीने. ती शर्यत समुद्रापाशी संपते. मी समुद्रापाशीच राहते, म्हणून मी उलटी केली: समुद्रापासून निघाले, मिडलबुर्खला कॉफी घेतली, परत समुद्राला आले. मरिनुस बांधावर खुर्ची टाकून पंच म्हणून बसला होता. मी आले तेव्हा झोपलेला. विचारलं, "कितवी आले?" तर म्हणतो, "कोण?"

तू ज्या शर्यतीत पडलास तिची नोंद पाठवलीच नाहीस. पडलास हे मला नोएलाकडून कळलं. कोपर कसं आहे?

रविवारी मी पण निघते. आमचे तीन बांध मी फ्लँडर्सचे तीन चढ धरणार आहे. हसायचं तेवढं आताच हसून घे. हवामानखातं म्हणतं वारा पूर्वेचा राहील. म्हणजे मला जाताना पूर्ण वेळ तोंडावर. तुला झाडीत लागणार नाही.

मान खाली. विसरू नकोस.

अलिडा


गेराड्सबेर्गेन, २९ मार्च

ताई! ताई!

पाय टेकला नाही.

हे वाक्य पुन्हा लिहितो, कारण इतकी वर्षं ते मनात गिरवत होतो आणि कागदावर पहिल्यांदाच येतंय. पाय टेकला नाही.

बाजारातून निघालो तेव्हा चर्चची प्रार्थना सुटत होती. पहिल्या चढावर खुब्याने कुरकूर केली. त्याला म्हटलं, बाळा, शेवटचं काम आहे, नीट कर. घरांमधून जाताना सगळी दारं बंद. एरवी एवढ्या दारांत माणसं असतात, पण काल चिटपाखरू नाही. माझा शब्द किती पाळला लोकांनी! आखीलच्या दुकानाच्या पडद्यामागे थोडी हालचाल दिसली, पण मी मान खाली ठेवली.

झाडी आली. सावलीत दगड ओले होते. श्वास असा की स्वतःचाच वाटेना. वळण सुरू झालं आणि ते झालं, जे दरवर्षी होतं. पॅडल जड झालं, मग अजून जड, मग जवळजवळ थांबलं. चाक डोलायला लागलं. उजव्या पायाने पॅडलच्या पट्ट्यातून निसटायची तयारी केली. मी म्हटलं, संपलं, फिर्मिन.

आणि पाठीमागून वारा आला.

कसा सांगू तुला. वाऱ्यासारखा वारा नव्हता तो. एखाद्या पोराला ओळ आठवत नसली की मागच्या बाकावरून सगळा वर्ग ती हलकेच पुढे सरकवतो ना, तसा. पाठीच्या मधोमध, उबदार, पूर्ण भरवशाचा. त्याने मला उचलून वळणापार नेलं आणि सोडून दिलं. पुढचं मी स्वतः चढलो. मग चॅपेल. मग आभाळ. उजेडाचं वर्णन करत नाही; तू म्हणतेस ते खरं होतं, चढणाऱ्याला दिसत नाही. डोळ्यांत पाणीच इतकं होतं.

नोएला वर उभी होती. तिने मला उतरवून घेतलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जरा झटकल्यासारखा. तीही हेलावली असणार.

नोंद: फ्लँडर्स. भिंत. चढलो.

आता खुशाल कापू देत खुबा.

तुझा,
फिर्मिन


वेस्टकपेल, २ एप्रिल

फिर्मिन,

अभिनंदन. दोनदा वाचलं पत्र. मरिनुसला मोठ्याने वाचून दाखवलं, तो म्हणाला, "छान लिहितो." मी म्हटलं, नेमकं तेच.

माझी नोंद: तीन बांध. तिन्ही वेळा तोंडावर वारा. तिसऱ्यावर मरिनुसची टोपी उडून कालव्यात गेली. पाय टेकला नाही.

एक विचारू का? रागावू नकोस. रविवारी वारा पूर्वेचा होता. मी दिवसभर खाल्लाय तो, मला सांगायला नको. तुझी भिंत चढताना माणसाचं तोंड पूर्वेला असतं. त्यात त्या वळणावर एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला झाडी. तिथे वारा पाठीमागून कुठून आला?

माझी चूक होत असेल. मी तिथे नव्हते.

अलिडा


गेराड्सबेर्गेन, ६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि खुर्चीवर टाकलेली जर्सी उचलून पाहिली. मी ती धुवायला दिली नव्हती; म्हटलं, असू दे काही दिवस. निळ्या जर्सीच्या पाठीवर, मधोमध, पिठाचा पांढरा पंजा. पाचही बोटं. फावडं.

नोएलाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"झटकायचा प्रयत्न केला होता," ती म्हणाली. "गेला नाही. लोणी होतं पिठात."

मी तसाच झुल्माबाईंकडे गेलो. त्या बटाटे सोलत होत्या. म्हटलं, "बाई, तुम्ही शब्द दिला होता."

"कसला शब्द?"

"मला ढकलायचं नाही म्हणून!"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मास्तर, तुम्ही कोट-टाय घालून घरोघर सांगत फिरलात. माणूस इतकं घरी येऊन नको म्हणतो, तेव्हा त्याला किती हवं असेल? आम्ही काय एवढे अडाणी आहोत? नको म्हणालात तेव्हा टार्टा नाही खाल्ल्या का तीन?"

मग बाकीचं कळलं. सगळी गल्ली झाडांमागे उभी होती. पाळ्या लावल्या होत्या. वळण झुल्माबाईंचं, पुढचा टप्पा आखीलचा. पण बाईंच्या एकाच धक्क्यात मी पार झालो म्हणून त्याची पाळी आली नाही, आणि तो अजून खट्टू आहे.

नोंद खोडून टाक. मी माझ्याकडची खोडली.

तुझ्यावर राग नाही. असता तर बरं झालं असतं, कुणावर तरी करायला हवा होता. दोन दिवस मी बागेत बसून राहिलो. आनंद गेला त्याचं एवढं नाही वाटत, ताई. आठ दिवस मी तो आनंद घेऊन फिरलो, पाववाल्याला, टपालवाल्याला सांगितला, आणि त्या सगळ्यांना ठाऊक होतं. किती प्रेमाने ऐकत होते सगळे! लहान मुलाची कविता ऐकतात तसे.

आणि आता वाईट बातमी, म्हणजे नोएलाच्या दृष्टीने. ईस्टरनंतरच्या सोमवारी, बारा तारखेला, मी पुन्हा चढणार आहे. डॉक्टरला विचारलेलं नाही. नोएला ऐकून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी वाजवत राहिली. संध्याकाळी पाहिलं तर अंगणात बसून माझ्या सायकलच्या चेनला तेल घालत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "बोलू नका माझ्याशी."

फिर्मिन


वेस्टकपेल, ८ एप्रिल

फिर्मिन,

मी विचारायला नको होतं. पण विचारलं. वारा चुकीचा लिहिलेला मला बघवत नाही, हा माझा रोग आहे.

एकट्याने चढायचं नाही. तुमच्या गल्लीला नको म्हणणं तुला जमत नाही, ते मला जमतं. सोमवारी सकाळच्या गाडीने येते आणि वळणावर पंच म्हणून उभी राहते. बघते कुणाचा हात पुढे येतो.

नोएलाला सांग, जेवण करू नकोस, मी आमच्याकडचे बोलस, ते दालचिनीचे गोड पाव, घेऊन येतेय. चिकट आहेत, पण पोट भरतं.

अलिडा


गेराड्सबेर्गेन, १४ एप्रिल

प्रिय ताई,

तू परवा कुणाशी न बोलता दुपारची गाडी पकडून निघून गेलीस. स्टेशनवर नोएला रुमाल हलवत राहिली, तू म्हणे खिडकीकडे पाठ करून बसलीस. पण नियम तो नियम: फेरी झाली की नोंद टपालात. तेव्हा जे तू डोळ्यांनी पाहिलंस ते तुलाच लिहून कळवतो.

सकाळी तू गल्लीतून गेलीस ते मी बाजारात सायकल धरून उभा राहून ऐकत होतो. अख्खं गाव ऐकत होतं. "सगळ्यांनी बाहेर या! खुर्च्या आणा! बसा! हात मांडीखाली! झुल्माबाई, तुम्हीसुद्धा!"

"अहो ताई, पण मास्तर पडले तर?"

"पडू दे!"

"खुबा मोडला तर?"

"तो तसाही बदलायचाच आहे!"

मी वर आलो तेव्हा ते दृश्य पाहिलं. मान खाली होती, शपथ, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं: गल्लीच्या दोन्ही बाजूंना माझे सगळे शेजारी खुर्च्यांवर, स्वतःच्याच हातांवर बसलेले. आखील तर रडायचा बाकी होता. शाळेत इतकी शिस्त मला एकदाही लावता आली नाही.

झाडी आली. त्या दिवसापेक्षा पाय बरे होते, खुबा वाईट. वळणाच्या अर्ध्यावर पॅडल थांबायला आलं. चाक डोललं. मी पुढचा दगड बघत होतो, तू सांगितलं होतंस तसा, आणि त्या दगडापर्यंत चाक पोचेल असं वाटत नव्हतं.

मग पाठीवर हात आला.

झुल्माबाईंचा नव्हे. लहान, थंड आणि चिकट. बोलस खाल्लेला. चाक पुढे गेलं. पुढचा दगड आला, त्याच्या पुढचा आला. वळण संपत आलं होतं. वरून नोएला ओरडत होती, "आलात! आलात!" मी तसाच गेलो असतो तर पाय न टेकता वर पोचलो असतो. नोंद धरली नसतीस, मान्य. पण मला आयुष्यभर ठाऊक राहिलं असतं की पाय टेकला नाही.

पण अख्खी गल्ली आपापल्या हातांवर बसली होती. उभं असलेलं माणूस एकच होतं. आणि मला बघायचं होतं.

म्हणून पाय टेकला, ताई. माझा मी टेकला, पायाने ठरवलं नाही. मान वळवून मागे पाहिलं. तू रस्त्याच्या मधोमध उभी होतीस, हात अजून पुढे, चेहरा बीटासारखा लाल, जसा काही तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे आणि तो कुठून आला याचा तू तपास करते आहेस. झुल्माबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "बघा! बघा! आणि आम्हाला बसवलं!" गल्ली इतकी हसली की चॅपेलवरची कबुतरं उडाली.

तू हसली नाहीस. पिशवी उचललीस आणि निघून गेलीस.

नोंद: भिंत. चढलो नाही. हात लागला, पायही टेकला.

वाईट वाटतंय का, तर थोडं वाटतंय. ती नोंद आता कायमची कोरी राहणार. पण त्या वळणावर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी पाय टेकून चॅपेलकडे पाहिलं नाही, मागे पाहिलं. एवढंच विचारतो, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल: तू का ढकललंस?

फिर्मिन


गेराड्सबेर्गेन, तुझ्याच स्वयंपाकघरातून, २० एप्रिल, संध्याकाळ

फिर्मिन,

ऑपरेशन व्यवस्थित झालं आणि शुद्धीवर येताच तू "सायकलला कुलूप आहे का" असं विचारलंस, हे नोएलाने फोनवर सांगितलं. कुलूप नाही. सायकल बाहेर गेली होती. सांगते, पण आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

एक्कावन्न साली जत्रेतल्या बायकांच्या शर्यतीत मी होते, हे तुला माहीत आहे. कविता करून तू ते दहादा मला लिहिलंयस. पण एक गोष्ट मी सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी वाटली नव्हती. चढावर पुरुष उभे होते. सकाळी पुरुषांची शर्यत गेली तेव्हा त्यांनी एकेकाला ढकलत वर नेलं. दुपारी आम्ही आलो, तर त्यांनी हात खिशात घातले. एक जण म्हणाला, "घरी जा, बटाटे करपतील." मी कुणाच्या हातांशिवाय वर गेले. त्याचा मला इतका गर्व झाला की त्याचा नियमच करून ठेवला, आणि तो तुलाही लावला.

सोमवारी तू डोलायला लागलास. मी पंच होते, काटेकोर उभी होते. आणि माझ्या लक्षात आलं की माझे हात खिशात आहेत.

मग ते तिथे राहीनात. एवढंच. यावर पुन्हा पत्र लिहू नकोस, आणि कविता तर मुळीच नको.

तुझ्यावर मात्र मी चिडले आहे. मूर्खा, मोजून थोडे दगड राहिले होते! जन्मभर तो पाय आवरला नाही आणि ज्या दिवशी आवरत होता त्या दिवशी मुद्दाम टेकलास. काय तर म्हणे बघायचं होतं.

आता सायकलचं. नोएला तुझ्याबरोबर हॉस्पिटलात गेली, आणि मला म्हणाली घरी थांब, फोन येईल. मी थांबले. बसले. उठले. तुझी सगळी पुस्तकं पाहिली, पुन्हा बसले. शेवटी शेजारणीला फोनपाशी बसवलं, सायकल काढली, सीट खाली केली आणि भिंतीकडे वळवली. तुला तिथे कापत होते, मी इथे नुसती काय करणार होते?

सांगायला लाज वाटते, पण चाळीस वर्षं वाऱ्याशी लढून पाय डोंगर विसरले आहेत. घरं संपेपर्यंत ठीक होतं. झाडीत डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या वळणावर, अगदी तुझ्याच जागी, पॅडल थांबलं. मी मनात तुझी माफी मागितली, कारण तुला मी वेस्टकपेलमध्ये बसून किती अक्कल शिकवली होती.

झुल्माबाई दारात उभ्या होत्या. मी काही म्हणाले नाही. नको म्हणाले नाही, हवं म्हणाले नाही. त्यांनीही विचारलं नाही. आल्या, पाठीवर हात ठेवला आणि वळणापार सोडलं. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "मास्तरांना बरं वाटू दे."

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. सत्तरीला आलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणी ढकललं, फिर्मिन. मला माहीत नव्हतं, ते इतकं हलकं असतं.

वर चॅपेल होतं. उजेड होता. तू लिहितोस तसा नव्हता, पण वाईट नव्हता.

मरिनुसला फोनवर निकाल सांगितला, या वर्षी आम्ही दोघंही बाद. तो म्हणतो, मग मीच जिंकलो, आणि खुर्चीवरून न उठता जिंकलो. हे तो आता गावभर सांगणार.

नोंद: फ्लँडर्स, उशिरा. भिंत. वारा नव्हता. पाय टेकला नाही. हात लागला, मी लागू दिला.

नोंद धरू नये. पण खोडूही नये.

तुझी,
अलिडाताई